डाव्या बाहीत वायर नको

९ नोव्हेंबर

दादा,

माझं अक्षर पाहून तू दचकशील, म्हणून आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत. काम आहे म्हणून लिहितेय.

फोन केला असता, पण आमचं घर दोन खोल्यांचं. एकीकडे कुजबुजलं तरी दुसरीकडे ऐकू जातं. ह्यांनी दुरुस्त केलेलं विजेचं ब्लँकेट बाबांच्या अंगावर पेटलं, ते तू विसरणार नाहीस. मीही विसरलेले नाही. आठ वर्षं तुम्ही दोघं एकमेकांचं नाव काढत नाही आणि मी मध्ये बसून दोन्हीकडची तोंडं बघते. तेव्हा उत्तर घरी पाठवू नकोस. दवाखान्याच्या पत्त्यावर, नर्सबाईंच्या नावाने पाठव. त्या माझ्या मैत्रीण आहेत, पोटात ठेवतात.

आता कामाचं. ऑगस्टच्या पुरात घाटाखालचा पूल वाहून गेला. त्या जागी लोखंडी दोर ओढून वर फळ्या टाकल्यात. माणूस जातो, मोटरसायकल जाते, त्याहून रुंद काही जात नाही. मी दवाखान्यातून खालच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात रक्ताचे नमुने पोचवायचं काम घेतलंय. सोमवारी आणि गुरुवारी. जायला सेहेचाळीस किलोमीटर, यायला तेवढेच. सकाळी सहाला निघावं लागतं. परवा खिडकीतला पारा उणे चारवर होता. त्यात गाडीचा वारा. दोन स्वेटर, वर जाड कोट, त्याच्या आत वर्तमानपत्रं, सगळं करून झालं. गाडीवर थंडी कपड्यातून येत नाही रे, ती हाडातून बाहेर येते.

नर्सबाई म्हणतात, शहरात गाडीच्या बॅटरीवर तापणारी जाकिटं मिळतात. इथे कुठली मिळायला. तू करू शकशील का? छाती बेचाळीस ठेव, आत स्वेटर असतात. बाही लांब ठेव. वायर मागच्या बाजूने निघू दे, बॅटरी सीटखाली आहे. आणि डाव्या बाहीत वायर अजिबात नको. क्लचचा हात आहे, मोकळा हवा.

वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी ठिणगी

·

१८ नोव्हेंबर

ठिणगे,

बाबांनी ठेवलेलं हे नाव तू अजून वापरतेस हे पाहून बरं वाटलं.

तापणारं कापड मी दुकानात घेत नाही. मोटर वाइंडिंग, पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. कोणी ब्लँकेट घेऊन आलं तर समोरच्या गल्लीत पाठवतो. तरी तुझं केलं. का केलं ते विचारू नकोस, तूही मला सगळं सांगितलेलं दिसत नाही.

नीट वाच, हे कामाचं आहे. तुझी गाडी पळत असताना सव्वाशे वॉट वीज तयार करते. त्यातले सत्तर गाडीच खाते, उरतात पंचावन्न. जाकीट चाळीस वॉटचं केलंय. हातमोजेही पाठवतोय, ते वीसचे. बेरीज साठ झाली, म्हणजे पाच कमी पडतात. म्हणून सोबत हेडलाइटचा नवा बल्ब आहे. तो जुन्यापेक्षा वीस वॉट कमी घेतो. आधी तो बसव, मगच दोन्ही एकदम लाव. नाहीतर घाटाच्या मध्यावर बॅटरी बसेल आणि मला शिव्या घालत किक मारत बसशील.

तार साधी वापरली नाही, ती घडीला मोडते. कार्बनची दोरी आहे, वाकली तरी तुटत नाही. अस्तर तुझ्या वहिनीने शिवलंय, दोनदा उसवून. पाठीत थर्मोस्टॅट आहे. कापड बेचाळीस डिग्रीला गेलं की तो वीज तोडतो, गार झालं की जोडतो. त्याला हात लावायचा नाही. आणि जाकीट उघड्या अंगावर घालायचं नाही, आत एक थर हवाच.

एक कळलं नाही. चालवणाऱ्याची वायर पुढून, टाकीच्या कडेने येते, म्हणजे उतरताना हाताशी असते. तू मागून का मागितलीस? पण मागितलीस तशी दिली.

घरी सगळे कसे आहेत? सगळे म्हणजे तू. 

दादा

·

३० नोव्हेंबर

दादा,

जाकीट पोचलं. घातलं आणि घाटात पहिल्या वळणापर्यंत काही कळलंच नाही. मग कुणीतरी मागून येऊन पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं. वहिनीला सांग, शिवण अशी आहे की कुठे टोचत नाही.

पण दादा, ते पुरत नाही. दहा मिनिटं ऊब राहते, मग तुझा थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि परत जोडेपर्यंत दात वाजायला लागतात. थोडा वर करता येईल का? आणि पाय. पायांचं काय करायचं? गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही. मोजे करशील का तसले? विजेचं मी बघितलंय. हातमोजे काढून ठेवले तर त्या वायरवर मोजे चालतील. हात काय, कसेही निभतात. थांबून सायलेन्सरजवळ धरले की झालं.

रस्त्याचं विचारशील. पहिले बारा किलोमीटर झाडीतून, तिथे बरं असतं. मग उघडा डोंगर, तिथे वारा डावीकडून येतो आणि गाडी रस्त्याच्या कडेला ढकलतो. पुलाच्या फळ्यांवर बर्फाचा पापुद्रा असतो. तिथे मी उतरते आणि गाडी ढकलत नेते. गेल्या सोमवारी ढकलताना एका पायाखालची फळी हलली. खाली पाणी काळं दिसत होतं. त्यानंतर पुढचे दहा किलोमीटर मी मोठ्याने पाढे म्हटले. बाबा म्हणायला लावायचे ना, अडीचकीचे.

खाली पोचल्यावर चार तास थांबावं लागतं. मग परत. परतताना जास्त थंडी वाजते, अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखं होतं.

मोज्यांचं लवकर बघ. माप नऊ नंबरच्या बुटाचं धर, आत जाड मोजा असतो.

ठिणगी

·

८ डिसेंबर

ठिणगे,

पार्सलमध्ये मोजे आहेत आणि जाकिटासाठी दुसरा थर्मोस्टॅट. हा अठ्ठेचाळीसला तोडतो. पाठीतली चेन उघड, जुना ओढून काढ, नवा त्याच खोबणीत बसतो.

हे मला पसंत नाही, तेवढं लिहून ठेवतो. तो पार्सलमध्ये घालताना माझा हात दोनदा मागे आला. पण तू अशी मागतेस की नाही म्हणवत नाही.

मोज्यांत थर्मोस्टॅट घातलेला नाही. तळव्याखाली ती गोटी टोचली असती आणि तू गिअर बदलताना वैतागली असतीस. मधे एक बटण दिलंय. पाय भाजायला लागले तर तुलाच कळेल, तेव्हा बंद कर. पाय गार पडले की चालू कर. साधं आहे.

आता दुसरं. तुझ्या पत्रावर आम्ही नवराबायको तीन दिवस बोलतोय. गाडी चालवणाऱ्याचे आधी हात जातात. तुझे हात निभतात आणि पाठ, पाय गार पडतात, परतताना अंगातलं काढून घेतल्यासारखं वाटतं. ही लक्षणं थंडीची नाहीत, रक्त कमी असल्याची आहेत. आईचे पाय असेच असायचे, भर उन्हाळ्यात मोजे घालून बसायची. आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात जातेस, चार तास तिथे नुसती बसतेस. एकदा स्वतःचं रक्त तपासून घे. लोकांचं पोचवतेस ना.

नीट जेवतेस का? तो घरात काही बघतो की नाही? राहू दे, विचारलं नाही असं समज.

रिपोर्ट आला की कळव.

दादा

·

२३ डिसेंबर

दादा,

मी खोटं बोलले. पहिल्या पत्रापासून खोटं बोलले.

जाकीट मी घातलं नाही. ह्यांनी घातलं. नमुने वगैरे काही नाही, ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. मागच्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं आणि मशीन खालच्या गावात आहे. पूल होता तोवर दवाखान्याची गाडी न्यायची. पूल गेला आणि उरले मी आणि मोटरसायकल. खाली खोली बघितली, चार चकरा मारल्या. पूल पडल्यापासून तिथे उंदराला जागा नाही. हॉस्पिटलच्या आवारात कनात आहे, त्यात एकवीस जण, आणि एकालाही खोकल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणून हे माझ्यामागे बसतात. माझ्या कमरेला आणि त्यांच्या कमरेला मिळून एक पट्टा बांधते, कारण परतताना ते बसल्या बसल्या झोपतात.

डाव्या बाहीत वायर नको म्हटलं, कारण त्या हातात सुया जातात. ती शीर जपावी लागते. क्लचचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मी त्यांना सांगितलं, नर्सबाईंनी शहरातून मागवलंय. तुझं नाव घेतलं असतं तर घातलं नसतं. आणि तुला त्यांचं नाव सांगितलं असतं तर तू केलं नसतंस. मला वाटलं, दोघांना फसवलं की काम होईल. झालंही, काल सकाळपर्यंत.

काल खाली पोचलो. हॉस्पिटलातल्या मावशींनी त्यांचे बूट काढले, मोजा काढला आणि त्या थांबल्या. मग म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर जा. मी गेले नाही. दादा, मोज्याबरोबर टाचेची कातडी आली. दोन्ही पायांची. डाव्या कुशीवर हाताच्या पंजाएवढा भाजलेला डाग आहे, तिथे ते गाडीच्या मागच्या पेटीला टेकून बसतात. आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात पायांची जाणीव जाते, त्यांना निखाऱ्यावर उभं केलं तरी कळणार नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. फेब्रुवारीत सांगितलं होतं. तू लिहिलंस की भाजलं तर तुलाच कळेल. ते वाक्य मी वाचलं, आणि तरी ते मोजे त्यांच्या पायात मीच चढवले. वाचताना तुला माझे पाय दिसत होते आणि मलाही माझेच.

उजव्या टाचेची जखम खोल आहे. अशा जखमा ह्यांच्यात भरत नाहीत म्हणतात. पाय ठेवता येईल की नाही ते महिन्याने कळेल.

मी हातमोजे घालत नव्हते, मोज्यांना वीज द्यायची म्हणून. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं शेंड्याला काळी पडली आहेत. दुखत नाहीत. दुखत नाहीत तेच वाईट, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांना मी शाई लागली म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते खरं मानलं असेल असं वाटत नाही.

मग मी त्यांना तुझं नाव सांगितलं. त्यांनी पट्टी बांधून झाल्यावर एवढंच विचारलं, "मोज्यात थर्मोस्टॅट का नव्हता?"

तुला वाटेल, ज्याने बाबांना भाजलं तो भाजला. तसं वाटलं तर मला कळवू नकोस. गुरुवारी त्यांना परत न्यायचंय, काहीही न तापवता. हे पत्र मी का लिहितेय तेही मला कळत नाही. लिहायला दुसरं कोणी नाही.

·

२७ डिसेंबर

ठिणगे,

तुझं पत्र काल मिळालं. मी दुकान बंद केलं आणि सकाळपासून हे पत्र लिहितोय. तीन कागद फाडले. आता जे येईल ते येऊ दे.

बाबांचं ब्लँकेट त्याने दुरुस्त केलं नव्हतं. मी केलं.

ते दुकानात आलं तेव्हा घेतलं तुझ्या नवऱ्याने, बाबा ज्याला मीटर म्हणायचे त्याने. त्यावरची दुरुस्तीची चिठ्ठी त्याच्या अक्षरात होती, हे खरं. त्याने उघडून बघितलं, थर्मोस्टॅट जळालाय म्हणाला, नवा येईपर्यंत द्यायचं नाही म्हणाला, आणि फळीवर ठेवलं. तो जेवायला गेला. बाबा आत कुडकुडत होते, दोनदा हाक मारली त्यांनी. मी ब्लँकेट खाली काढलं, थर्मोस्टॅटच्या दोन वायरी थेट एकमेकींना जोडल्या आणि त्यांच्या अंगावर घातलं. म्हटलं, तासाभरासाठी काय होतंय, मी आहेच शेजारच्या खोलीत. मग पंपवाला आला. त्याच्याशी मी भाव करत बसलो. धूर आधी त्यालाच दिसला.

लोक जमले तेव्हा कोणीतरी विचारलं, हे कोणी दुरुस्त केलं होतं? माझ्या तोंडून निघालं, मीटरने. एकदाच म्हटलं. परत म्हणायची वेळच आली नाही, बाकीचं लोकांनी केलं. तो दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. मला वाटलं, त्याला माहीत नाही. मला वाटलं, त्याला स्वतःचीच चूक वाटतेय. असं वाटून घेणं सोयीचं होतं. बाबा पुढे अकरा दिवस होते, त्या अकरा दिवसांत मी रोज ठरवायचो की आज सांगू. नंतर तुम्ही डोंगरात निघून गेलात आणि मी म्हटलं, सुटलो.

सुटलो नाही, पण ते तुला सांगून उपयोग नाही.

आणि आता मीच परत थर्मोस्टॅटशिवाय गरम कापड करून त्याच्याच पायात घातलं. तू मला फसवलंस म्हणून झालं असं मी म्हणू शकतो. गरम कापडाला थर्मोस्टॅट लागतोच, तो कोणीही घालो. मला हे माहीत होतं. जगात मला एकट्यालाच सगळ्यात जास्त माहीत होतं.

ते जाकीट आणि मोजे आता वापरू नका. इथे आमच्या घरापासून दहा मिनिटांवर डायलिसिसचं केंद्र आहे, आजच जाऊन विचारून आलो, जागा आहे. तुम्ही दोघं इकडे या. थंडी संपेपर्यंत नाही, पूल होईपर्यंत नाही, हवं तेवढं. तुझ्या वहिनीला मी आज सगळं सांगितलं. ती खालची खोली झाडतेय.

हे पत्र त्याला वाचून दाखव. नाही दाखवलंस तर मी येऊन सांगेन. तुझं "ये" आलं तर लगेच निघतो. नाही आलं तरी बुधवारी पहाटेच्या बसने निघतो.

दादा

·

२९ डिसेंबर

तुझी बहीण लिहिणार नाही म्हणाली, म्हणून मी लिहितो. तिने तुझं पत्र उभ्याने वाचलं, माझ्या मांडीवर टाकलं आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसली. एका हाताने. अजून फोडतेय.

मला माहीत होतं. ब्लँकेट जळालं त्या संध्याकाळी मी उकिरड्यातून ते उचललं आणि उघडलं. थर्मोस्टॅटची जोडणी टिकून होती. तू डावरा आहेस, तुझ्या वायरीचा पीळ उलटा पडतो. दुकानात तसा पीळ देणारा दुसरा कोणी नव्हता.

तेव्हा बोललो नाही, कारण तुझे बाबा आत होते आणि तू भिंतीला डोकं आपटत होतास. वाटलं, आठवडाभरात तूच सांगशील. आठवडा गेला. मग वाटलं, बाबांचा तेरावा झाल्यावर सांगशील. मग राग आला. रागाच्या भरात ठरवलं की आता मी सांगायचं नाही, तू सांगेपर्यंत नाही. त्याला आठ वर्षं लागतील असं वाटलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं काम घेतलं. वायरीला परत हात लावला नाही. घरातला बल्बसुद्धा ती बदलते. लोकांना तो पश्चात्ताप वाटला. तिलाही वाटला. माझ्या बायकोला मी तिच्या बापाचा खुनी वाटत होतो आणि तरी ती माझ्याबरोबर राहिली, हे मी रोज बघत होतो. ह्यात माझी चूक नाही असं मी म्हणत नाही. तिला तरी सांगायला हवं होतं. पण तिने तुझ्यावर विश्वास ठेवायचा की माझ्यावर, ह्या पेचात तिला टाकायचं धाडस झालं नाही.

जाकीट तुझं आहे हे पहिल्या दिवशीच ओळखलं. बाहीच्या टोकाला पीळ उलटा आहे. तरी घातलं. त्यात मोठेपणा काही नाही, थंडी वाजत होती.

आता काम. मी येणार नाही. आज सोमवार, मी गेलो नाही, पुढेही जाणार नाही. गुरुवारी येताना तिच्या डाव्या हाताला क्लच दाबता येत नव्हता. पुलावर गाडी तिच्या हातून कलली. मी मागून पाय टेकला, पट्टीतून रक्त आलं, आणि तिने वळून मला सॉरी म्हटलं. त्या क्षणी ठरलं. मी मशीनवर वर्षभर, दोन वर्षं काढीन. त्यासाठी तिचा हात द्यायचा नाही. आणि हात जाणार नसेल तर कुठल्यातरी वळणावर ती जाईल.

डॉक्टर म्हणतात, मशीनशिवाय दहा दिवस, फार तर पंधरा. पहिले काही दिवस बरे जातात. मग श्वास लागतो. तू येणारच असशील तर तिच्यासाठी ये. मागाहून तिला एकटी ठेवू नकोस.

मी तुला माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. पण पत्र लिहिलंस ते बरं केलंस.

मीटर

·

४ जानेवारी

वहिनी,

दादा सांगेल तेवढंच तुम्हाला कळेल, आणि तो फार सांगणार नाही. म्हणून मी लिहिते.

बुधवारी दुपारी तो आला. पुलापर्यंत बसने, पुढे एका दूधवाल्याच्या मागे बसून. घोंगडीत गुंडाळून उतरला तेव्हा ओठ निळे होते. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. हे खाटेवर उशीला टेकून बसले होते. मशीनवर जाऊन सहा दिवस झाले होते, चेहरा सुजला होता, चार शब्दांनंतर दम लागत होता. दादा उंबऱ्यात उभाच राहिला. शेवटी हेच म्हणाले, "आत ये. दार लाव, थंडी येतेय."

तो आत आला. पाया पडतो की काय असं मला वाटलं. तो म्हणाला, "उद्या तुला खाली नेतो."

"मी ठरवलंय ते लिहिलंय तुला."

"ती चालवणार नाही. मी चालवणार."

"तुला येते?"

"वीस वर्षांपूर्वी यायची."

"मग मी घरीच मेलेला बरा," हे म्हणाले. वहिनी, मी त्या दोघांना हसताना पाहिलं नाही, पण खोलीत काहीतरी सैल झालं.

मग दादाने पिशवीतून जाकीट काढायला सांगितलं. येताना त्याने सहा थर्मोस्टॅट आणले होते. जाकिटात दोन बसवले, एकामागे एक, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा तोडेल. मोज्यांतही बसवले, घोट्यापाशी, आणि टाचेखालची दोरी पूर्ण काढून टाकली. दोन्हींत अडतीसचे. हे खाटेवरून बघत होते. एकदा म्हणाले, "सोल्डर गार पडलंय ते, जोड धरणार नाही. परत कर." दादाने परत केलं.

नंतर त्याने जे केलं ते सांगायला मी हे पत्र लिहितेय. त्याने शर्ट काढला. ते जाकीट उघड्या अंगावर घातलं, मोजे उघड्या पायांत घातले, गाडीची बॅटरी स्वयंपाकघरात आणून जोडली, वर घोंगडी घेतली आणि चुलीला टेकून बसला. तीन तास. ह्यांच्या हातात त्याने मीटर दिला, त्याच्या वायरीला तापमान मोजायची काडी होती. आठ वर्षांत ह्यांनी तसल्या वस्तूला हात लावला नव्हता. आधी नुसता धरून बसले. मग बटण फिरवलं.

तीन तासांत त्यांचं बोलणं एवढंच झालं.

"किती?"

"सदतीस."

"आता?"

"अडतीस. तोडलं."

"आता?"

"छत्तीस. जोडलं."

मी भांडी घासायचं निमित्त करून तिथेच उभी होते. दादाची पाठ मधे मधे मी बघत होते, लाल होते का. झाली नाही. शेवटी ह्यांनी मीटर बंद केला आणि म्हणाले, "चालेल."

गुरुवारी दादाने त्यांना नेलं. मी पुलापर्यंत दूधवाल्याच्या मागे बसून गेले, पहाटेच निघून. पुलावर दादा उतरला, ह्यांना पाठीवर घेऊन फळ्यांवरून पलीकडे ठेवून आला, मग गाडी ढकलत नेली. फळ्या हलत होत्या. मी अलीकडे उभी होते आणि मला पहिल्यांदा त्या पुलाची भीती वाटली. मी स्वतः त्यावरून जात होते तेव्हा भ्यायला वेळ नव्हता. संध्याकाळी ते परत आले. ह्यांचा श्वास हलका झाला होता. पाय अजून तसाच आहे. उजवी टाच काळपट दिसते आणि तुमच्याकडचे डॉक्टर काय म्हणतील ते तेव्हा बघू. माझ्या एका बोटाचं शेवटचं पेर काढलं शुक्रवारी, नर्सबाईंनी आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. दुसरं वाचेल म्हणतात.

उद्या सोमवारी खाली मशीन करून संध्याकाळच्या बसने आम्ही तिघं निघतो. खालची खोली झाडलीत असं दादाने लिहिलं होतं. एकच करा, खाट खिडकीजवळ नको.

मी दादाशी अजून बोललेले नाही. त्याने बाबांचं केलं ते एक. पण आठ वर्षं मी एका माणसाच्या ताटात वाढलं, त्याच्या शेजारी झोपले, आणि अंधारात मनात म्हणत राहिले, ह्याच हातांनी. आजारपणात त्याचे पाय चेपतानासुद्धा म्हटलं. ते मला कोणी परत देणार नाही. आणि ह्यांनी ते माहीत असून मला म्हणू दिलं, तेही मला कळत नाही. दोघांवरचा राग मला वेगळा करता येत नाहीये.

काल मी ह्यांना म्हटलं, बसमध्ये पाच तास त्याच्या शेजारी बसायचंय, मला काय बोलायचं ते सुचत नाही.

हे म्हणाले, "तू काही बोलू नकोस. त्याला सुरुवात करू दे. मी आठ वर्षं थांबलो, तू पाच तास थांब."

ठिणगी